तळहातावरची चिंच

जानेवारी आला की आमच्या घरचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं आणि आम्ही दोघी जावा मुलांना आणि दशम्यांचा डबा बरोबर घेऊन तिकडे जातो. आत शिरलं की पांगापांग. जाऊबाई गुलाबांकडे, मुलं खाऊच्या गाड्यांकडे आणि मी बॉन्सायच्या मांडवात.

ह्या वर्षी तिथे माझ्याच वयाच्या दोघीजणी एका वीतभर उंबरासमोर उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "शी गं, बिचारं झाड! चीनमध्ये पूर्वी मुलींचे पाय बांधायचे ना, तसलाच प्रकार हा." मी वळले, काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाही. कारण लग्न होऊन ह्या घरी आल्यावर पहिल्याच जानेवारीत, ह्याच मांडवात, मी अगदी हेच म्हटलं होतं. तेही सासऱ्यांच्या तोंडावर! सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी खाली वाक."

मैत्रिणींनो, बॉन्साय बघायचं म्हणजे पहिली गोष्ट हीच. आपण उभ्याने, वरून बघतो, जशी पातेल्यातली आमटी बघावी तशी. मग ते झाड खुजंच दिसणार. कंबरेत वाकायचं, डोळे कुंडीच्या काठाशी आणायचे आणि खालून वर बघायचं. बघता बघता झाड मोठं होतं नि आपण मुंगीएवढ्या होतो. त्या दिवशी मी वाकले आणि मला माझ्या आजोळच्या पाराची आठवण झाली. उन्हाळ्यात त्या पारावर पाठ टेकून वर बघितलं की असंच दिसायचं.

वाकल्यावर मुळं बघायची. खोड मातीत काठी खोचल्यासारखं उभं असेल तर ते झाड अजून कच्चं. मुळांनी चारी बाजूंनी जमीन धरून ठेवलेली असली पाहिजे. मग बुंधा. तो खाली जाड नि वर निमुळता होत गेलेला हवा. हे निमुळतेपण कात्रीने एका दिवसात येत नाही. शेंडा छाटायचा, बाजूच्या फुटीला वर न्यायचं, दोन-तीन वर्षांनी तीही छाटायची, असं करत करत येतं. पुढे फांद्या. खालची सगळ्यात जाड नि लांब, वर जावं तशा बारीक. एक डावीकडे, एक उजवीकडे आणि एक मागे. ह्या मागच्या फांदीकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. ती नसली तर झाड भिंतीवरच्या चित्रासारखं सपाट दिसतं. ती असली की त्याला खोली येते. समोरून ती नीट दिसतही नाही, पण काम तिचंच. (आपल्यापैकी पुष्कळजणींना हे निराळं सांगायला नको!)

कुंडी म्हणजे चित्राची चौकट. ती झाडाहून नटवी असली की झाड मेलंच. गडद हिरव्या पानांना मातकट, विटकरी कुंडी शोभते. चकचकीत निळी फुलझाडांना चालते. आणि एक गंमत. पानं लहान करता येतात, पण फुलं नि फळं फारशी लहान होत नाहीत. म्हणून बॉन्सायच्या डाळिंबाला नेहमीएवढं डाळिंब लागलं की लहान मुलाने बाबांची टोपी घातल्यासारखं दिसतं. जाणकार माणसं म्हणूनच मुळात बारीक फळाची जात निवडतात. मला मात्र ते टोपीवालं डाळिंब फार आवडतं. अण्णांना चालत नाही.

ही कला चीनमधून जपानला गेली. 'बोन' म्हणजे पसरट कुंडी नि 'साय' म्हणजे लावणं, एवढा साधा त्या शब्दाचा अर्थ. बॉन्साय ही झाडाची जात नव्हे. कुठल्याही खोडवाल्या झाडाचं ते करता येतं. जपानी लोकांचे आकारही डोंगरातल्या झाडांवरूनच घेतलेले आहेत. सरळ उभं, वाऱ्याने कललेलं, कड्यावरून खाली झेपावलेलं, दगडाला मिठी मारून बसलेलं. सिंहगड चढताना दरडीतून बाहेर झुकलेली झाडं बघा, किंवा जुन्या देवळाच्या चिऱ्यांमध्ये घुसलेला पिंपळ बघा. आपल्याला हे आकार नवे नाहीत. पारंब्या तर आपल्याकडच्याच. वडा-पिंपळाच्या कुळाला आपली हवा मानवते, तिथे त्यांच्या पाइनची नक्कल कशाला करायची, असं अण्णांचं मत. पुण्याची हवा कोरडी, म्हणून ते पावसाळ्यातच पारंब्या धरतात. फुटलेला कोवळा धागा शीतपेयाच्या नळीतून मातीपर्यंत नेऊन सोडायचा, म्हणजे तो वाटेत वाळत नाही.

त्यांचा वडही असाच देवळातल्या पिंपळासारखा. आमचा सदाशिव पेठेतला वाडा १९९६ साली पाडला, तेव्हा गळक्या पन्हळीजवळच्या भिंतीत हे रोप होतं. माणसं भांडी नि दारं हलवत होती आणि अण्णा छिन्नी-हातोडी घेऊन भिंत उकरत बसले होते. सासूबाई अजून सांगतात, "माझी सागवानी मांडणी राहिली तिथे, नि ह्यांनी झाड आणलं!" वनस्पती तुपाच्या डब्यातून तो वड कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आला. आज तो वीतभर नि वर चार बोटं आहे. नऊ पारंब्या आहेत. वाड्यातली म्हणावी अशी आमच्याकडे उरलेली तेवढीच एक जिवंत वस्तू.

सासूबाईंनी पुष्कळ वर्षं त्याची वटपौर्णिमा केली नाही. म्हणायच्या, "ह्याला फेरे कसे घालायचे? आपण उभं राहायचं नि कुंडीलाच फिरवायचं की काय!" मग २०२० चा लॉकडाउन आला, बाहेर पडायची सोय नाही. तेव्हा आम्ही तो वड जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि दोघी टेबलाभोवती सात वेळा फिरलो. चौथ्या फेरीला दोघींनाही इतकं हसू आलं की सूत हातातून सुटलं. तेव्हापासून मात्र बाजारातून वडाची तोडलेली फांदी आणणं आमच्याकडे बंद झालं.

आता त्या मांडवातल्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. माझ्या वर्गातही एकदा तो आला. मी दुपारच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. सहावीला दाखवायला एकदा लहानसा उंबर नेला, तर पहिल्या बाकावरून आवाज आला, "बाई, त्याला दुखत नाही का?" मी त्यांना नाशिकच्या द्राक्षबागा सांगितल्या. तिथे वर्षातून दोनदा छाटणी असते, एप्रिलची खरड छाटणी नि ऑक्टोबरची फळांसाठी. वेलीचा नुसता सांगाडा उरतो आणि त्यातूनच घड येतात. मोगऱ्याचंही तेच. छाटणीने झाड मरत नाही, फुटतं. बॉन्सायला उपाशीही ठेवत नाहीत, हा मोठा गैरसमज आहे. उलट त्याला खत वेळेवर लागतं, पाणी रोज लागतं. उपाशी झाड वाळतं, ते सुंदर होत नाही. मुळं छाटतात ती नवी बारीक मुळं फुटावीत म्हणून. पाणी नि अन्न तीच तर ओढतात.

एवढं सांगूनही मनात एक कोपरा राहतोच. व्याख्यानांतून, कवितांतून बाईला बॉन्सायची उपमा देतात ती मीही ऐकली आहे, आणि पूर्वी ऐकताना टाळ्याही वाजवल्या आहेत. बी.ए. नंतर माझं बी.एड. राहिलं ते राहिलंच. म्हणून अजून अर्धवेळ. तेव्हा ती उपमा मला लागत नाही असं नाही. पण ज्यांनी छाटणी केली त्यांनी रोज पाणीही घातलं का, कुंडी बदलली का, हे त्या उपमेत कोणी विचारत नाही. अण्णा वडासाठी जेवढे थांबले आहेत तेवढं माणसासाठी कोणी थांबलेलं मी पाहिलेलं नाही. असो, विषय वाहवत चालला.

बॉन्सायमध्येही अगदी लहान, तळहातावर मावणारा प्रकार असतो. त्याला जपानीत 'मामे' म्हणतात. आपल्या मामेभावाचा काही संबंध नाही हो! मामे म्हणजे शेंगेतला दाणा. अशी एक चिंच आमच्याकडे होती, आणि खरं तर तिच्यासाठीच मी हे लिहायला बसले.

२०१४ साली थोरल्याच्या वेळी मला चिंचेचे डोहाळे लागले होते. मी येता-जाता चिंच खाऊन चिंचोके खिडकीतल्या वाटीत टाकायची. अण्णांनी त्यातला एक उचलून लावला. मुलगा नि चिंच एकाच वर्षाची. मुलगा शाळेत जायला लागला, सायकल शिकला, आणि चिंच चहाच्या कपापेक्षा लहान कुंडीत सहा बोटं उंच. खोडाला मात्र म्हाताऱ्या चिंचेसारख्या भेगा पडायला लागल्या होत्या. सगळ्यात गोड म्हणजे, दिवेलागणीला मोठ्या चिंचेसारखीच तीही पानं मिटून घ्यायची. मुलं लहान असताना मी त्यांना दाखवायची, "बघ, चिंच झोपली, आता तुम्ही झोपा."

२०२३ च्या एप्रिलमध्ये अण्णांना अर्धांगाचा झटका आला. तीन आठवडे दवाखाना. मी घर, शाळा, डबे आणि झाडं सांभाळत होते. झाडं सांभाळत होते म्हणजे आपली पाणी घालत होते. मे महिन्यात साताऱ्याला माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं. चार दिवसांसाठी गेले. ह्यांना सांगून गेले, "झाडांना पाणी घाला." त्यांनी घातलं. गॅलरीतल्या सगळ्या कुंड्यांना दोन्ही वेळा, नळी लावून. स्वयंपाकघराच्या खिडकीतली चिंच 'झाडं' ह्या शब्दात येते हे त्यांना कसं कळणार? ते मी सांगायला हवं होतं. एवढ्याशा कुंडीत माती असते चार चमचे. मे महिन्याच्या उन्हात ती सकाळचं पाणी दुपारपर्यंत टिकवत नाही.

आले तेव्हा पानं हाताला लागताच झडली. कुंडी बादलीत बुडवली, सावलीत ठेवली, वरून पिशवी बांधली. तिसऱ्या दिवशी नखाने साल खरवडून बघितली. आत हिरवं असेल तर झाड जिवंत असतं. आत तपकिरी होतं. वर खरवडलं, खाली खरवडलं, सगळीकडे तपकिरी. मी ती कुंडी धुण्याच्या यंत्रामागे लपवून ठेवली. चाळिशीकडे झुकलेली बाई मी, आणि काच फोडलेल्या मुलीसारखी वागले.

अण्णा घरी आले ते खुर्चीतून. उजवा हात चालत नव्हता, बोलणं जड झालं होतं. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची थांबवायला लावून त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं. एका दुपारी मी पिठलं ढवळत होते, तर मागून आवाज आला, "चिंच?"

सगळं सांगितलं. सातारा, चार दिवस, धुण्याचं यंत्र, सगळं. सांगता सांगता रडले. ते बराच वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "माझ्या हातून अकरा गेल्या." आणि थोड्या वेळाने, "कुंडी धुऊन ठेव. उकळत्या पाण्याने."

तोवर मला वाटत होतं की अण्णांच्या हाताला गुण आहे. अकरा गेल्या हे मला ठाऊकच नव्हतं, कारण आम्हाला दिसत होत्या त्या जगलेल्या.

पुण्यात २०१८ साली 'बॉन्साय नमस्ते' हे मोठं प्रदर्शन झालं होतं. इथल्याच प्राजक्ता काळे ह्यांची ३३३३ झाडं एकाच वेळी मांडली होती, आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. एवढी झाडं बघून त्या वेळी डोळे दिपले होते. आता तो आकडा आठवला की मनात येतं, रोज पाणी कोण घालत असेल! कौतुकच आहे बाई.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५ पासून तो कुंडीत वाढवलेला आहे. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून जपानने ५३ बॉन्साय भेट दिली, त्यात मासारू यामाकी ह्या गृहस्थांनी तो दिला. पंचवीस वर्षं तिथल्या लोकांनी त्याला पाणी घातलं. आणि २००१ साली यामाकींचे नातू आजोबांचं झाड बघायला आले तेव्हा तिथे कळलं, की हे झाड हिरोशिमाचं. ६ ऑगस्ट १९४५ ला बाँब पडला तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर ते होतं. घराच्या काचा फुटून घरातल्यांच्या अंगात घुसल्या, पण बागेच्या उंच भिंतीमुळे झाड वाचलं. ज्या देशाने बाँब टाकला त्याच देशाला झाड द्यायचं आणि देताना त्यातलं अक्षरही बोलायचं नाही! मी हे अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चारशे वर्षं. एकही सुट्टी नाही."

तर पुढच्या जूनमध्ये वडाची कुंडी बदलायची वेळ आली. आमच्याकडे ही दर दोन-तीन वर्षांनी, पहिले दोन पाऊस पडून गेल्यावर करतात. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, अण्णांची खुर्ची जवळ घेतली आणि कात्री माझ्या हातात आली. आदल्या दिवशी माती तयार केली होती. पुण्याची काळी माती ह्या कामाला अजिबात घ्यायची नाही. ती ओली झाली की चिकटते नि वाळली की दगड होते. लाल माती, विटांचा चुरा आणि जुनं कुजलेलं शेणखत सारख्या मापाने. विटांचा चुरा पिठाच्या चाळणीने चाळायचा. (जुन्या चाळणीने! रोजच्या नव्हे.) खाली पडलेली भुकटी टाकून द्यायची नि वरची खडी घ्यायची. पाणी घातलं की ते लगेच खालच्या भोकातून निघून गेलं पाहिजे. भोकावर मिठाईच्या खोक्याची प्लास्टिकची जाळी चालते.

वड बाहेर काढला तर मुळांची कुंडीच्या आकाराची चटई झालेली. काडीने सोडवत गेले. अण्णा म्हणाले, "काप." मी चार धागे कापले. "अजून." अजून थोडे कापले. "तिसरा हिस्सा काप." माझा हात चालेना. वाड्याच्या भिंतीतून आलेलं झाड, माझ्या हातून जाईल तर? त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं नि हलवलं. "जाडी काप, बारीक ठेव." कापलं एकदाचं.

दहा-बारा दिवसांनी पानं पिवळी पडून गळायला लागली. मी रोज सकाळी चहाच्या आधी ते बघायची आणि चहा गोड लागायचा नाही. पाणी जास्त घालावंसं वाटायचं. तो मोह आवरायचा असतो, मुळं कमी असताना जास्तीच्या पाण्याने ती कुजतात. तिसऱ्या आठवड्यात शेंड्याला तांबूस टोक दिसलं. मी आधी सासूबाईंना हाक मारली. त्या येऊन चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, "आला हो नातू." त्या वाकून बघताना मी प्रथमच पाहिलं!

ज्यांना घरी करून बघायचं आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. दुकानात फुगीर बटाट्यासारख्या मुळांवर पानांचा झुबका बसवलेलं, वर पांढरे गोटे चिकटवलेलं झाड बॉन्साय म्हणून मिळतं. ते कलम केलेलं बाळझाड असतं. घ्यायला हरकत नाही, पण गोटे काढून टाका, नाहीतर पाणी आत जात नाही. बॉन्साय दिवाणखान्यात टीपॉयवर ठेवायची वस्तू नव्हे. पाहुणे येणार म्हणून एक-दोन दिवस आणा नि पुन्हा उन्हात ठेवा. पहिलं झाड जेड किंवा वडा-उंबराच्या कुळातलं घ्या, ही झाडं चुका पोटात घालतात. वळण द्यायला गुंडाळलेली तार महिन्या-दोन महिन्यांनी तपासा. पावसाळ्यात खोड भराभर जाड होतं नि तार सालीत रुतते. तो व्रण वर्षानुवर्षं जात नाही. आणि चार दिवस गावाला जाताना नुसतं 'झाडांना' म्हणू नका. एकेका कुंडीवर बोट ठेवून दाखवा.

मागच्या वर्षी आमटीसाठी चिंच कोळताना थोरल्याने त्यातून तीन चिंचोके काढून घेतले. रात्रभर भिजत घातले नि त्याच उकळून ठेवलेल्या कुंडीत न लावता, अण्णांनी सांगितलं म्हणून, आधी मोठ्या कुंडीत लावले. एक कुजला, दोन आले. त्यातला एक खालच्या मजल्यावरच्या मुलीने मागून नेला. उरलेल्याला आता माझ्या करंगळीएवढी उंची आली आहे. त्याची छाटणी अजून लांब आहे.

परवा अण्णांनी डाव्या हाताने ती कुंडी थोडीशी फिरवली. थांबून बघितलं, परत थोडी फिरवली. "समोर इकडून आहे तिचं," म्हणाले. मी वाकून बघितलं. मला तर अजून नुसती पाच-सहा पानंच दिसतात.